त्रिंकोमालीतली स्वस्त खोली

सयाजीतात्यांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. कडेगावच्या रस्त्याला आमचं गाव लागतं. गावातल्या कुणालाही लांब जायचं झालं, की तो आधी तात्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. पोराला पुण्यात शिकायला ठेवायचंय, आईला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचंय, बायकोला घेऊन तिरुपती करायचीय. प्रश्न सगळ्यांचा एकच, "तात्या, ऱ्हायाचं कसं करावं?"

तात्या तंबाखू मळता मळता सांगायचे. स्टँडसमोरच्या लॉजला विचारूच नये. पहिला भाव ऐकला की हो-नाही काही म्हणू नये, नुसतं गप्प बसावं. आणि खोली बघून झाली की पिशवी उचलून चालायला लागावं.

"फाटकापतुर जायाचं," ते सांगायचे. "मागं बघायचं न्हाई. फाटकाच्या आत हाक आलीच पायजे. न्हाईच आली, तर समजायचं त्यो भाव खरा हुता."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. त्यांचं उभं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलं. आमच्या कडेगाव-विट्याच्या भागातली पुष्कळ घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळायचं, तेजाबात, म्हणजे कडक आम्लात, शुद्ध करायचं आणि परत द्यायचं, असा तो धंदा. त्यासाठी आमची माणसं देशभर पांगलीत. तात्यांना मिसरूड फुटायच्या आधीच मामानं तमिळनाडूत सेलमला नेलं, ते तेजाबाच्या धुरानं छाती भरून यायला लागेपर्यंत तिथंच राहिले. तमिळ इतकी सराईत बोलायचे, की बाजारात त्यांना कुणी परका म्हणत नसे.

गलाईवाल्याला खोली देताना मालक बिचकायचे. कपड्यांना तेजाबाचा वास, हाताला डाग, त्यात परमुलखातला माणूस. दारातूनच 'खोली गेली' म्हणून सांगायचे. तात्या हटायचे नाहीत. मालकाच्या देवाला नमस्कार करायचा, त्याच्या मुलांची चौकशी करायची, मग भाड्याला हात घालायचा. मालक अडून बसला की एकेक कबुली द्यायची. आमच्यात मटण-मासे शिजत नाहीत. पाहुणे येत नाहीत. पाणी सकाळी एकदाच भरू. दुपारी धुणं धुणार नाही. प्रत्येक कबुलीला भाडं थोडं उतरायचं. खोली मिळवून तात्या असे परत यायचे, जसा एखादा कुस्ती मारून येतो.

लग्न झाल्यावर अंबूकाकू सेलमला गेल्या आणि या कबुल्यांच्या आत नांदायला लागल्या. त्यांचं माहेर पलूसकडचं, कृष्णेच्या जवळचं. घरात आठवड्याला मासे, अंगणात सदा कुणीतरी आलं-गेलेलं. सेलमच्या खोलीत त्यांनी वर्षानुवर्षं मासा शिजवला नाही. पाणी सकाळी भरलं ते दिवसभर पुरवलं. सोनिया आणि विश्वजित ही दोन्ही मुलं लहान होती. ती रडायला लागली, की काकू त्यांना पोटाशी घट्ट धरून खोलीच्या आतल्या कोपऱ्यात जायच्या, कारण तात्यांनी मालकाला शांततेचाही शब्द दिलेला.

एकदा काकूंचा धाकटा भाऊ धनाजी सेलमला आला. तो फौजेत होता. सुट्टीवर गावाकडं निघालेला, वाट वाकडी करून बहिणीला भेटायला आला. घरी पाहुणा ठेवायचा नाही असं ठरलेलं. तात्यांनी त्याला स्टेशनजवळच्या लॉजवर उतरवलं. तिथलंही भाडं त्यांनी पाडून घेतलं आणि स्वतः भरलं. काकूंनी डबा करून पाठवला. बहीण-भावाचं बोलणं झालं ते जिन्यात, उभ्या उभ्या. दुसऱ्या दिवशी धनाजी निघून गेला. काकू त्यावर काही बोलल्या नाहीत. मेव्हण्याची सोय लावली, विषय संपला, असं तात्यांना वाटलं.

छातीचं दुखणं वाढल्यावर तात्यांनी दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि दोघं गावी आले. सोनिया साताऱ्यात दिलेली, विश्वजित पुण्यात कंपनीत चांगल्या जागेवर. एका दिवाळीला आलेला असताना विश्वजितनं विषय काढला.

"तात्या, तुम्ही दोघं एकदा परदेश बघून या. मी टूरवाल्याकडं बुक करतो. सगळं त्यांच्याकडं, तुम्ही नुसतं बसायचं."

टूरवाल्याचा आकडा ऐकून तात्या हसले. "अरं, ह्यात त्यो ऱ्हान्याचं किती लावतोय, इचारलंस का? आमी आमचं जातो. श्रीलंकेला जाऊ. तितं तमिळ चालती. खोली मी बघतो."

"आईला विचारा की, तिला कुठं जायचंय."

काकू चुलीपुढून म्हणाल्या, "मला बघायचं काय न्हाई, बाबा. कुटंतरी चार दिस निवांत बसायचं हाय. फुड्यात कुणाचं दार नसावं, येवडंच."

श्रीलंकेतल्या पेट्रोलच्या रांगा संपून तेव्हा वर्षभर होत आलं होतं. तिकडं पाहुणे अजून कमी येत होते. ही बातमी तात्यांनी सेलमच्या जुन्या ओळखीतून आधीच काढून ठेवली होती. कोलंबोत विश्वजितनं हॉटेल ठरवून दिलं होतं, तिथं त्यांनी दोन दिवस काढले. मग तात्या बसनं काकूंना घेऊन त्रिंकोमालीला गेले. समुद्राकाठचं गाव, तमिळ बोलणारी वस्ती.

बसमधून उतरल्यावर तात्यांनी तिथल्या रिक्षावाल्याला बोलतं केलं. कुणाकडं खोल्या आहेत, कोण अडलंय, कोणाचं घर बरेच दिवस रिकामं आहे, हे सगळं भाडं ठरवायच्या आधीच त्याच्याकडून काढून घेतलं. रिक्षावाल्यानं त्यांना एका निळ्या फाटकाच्या कौलारू घरापाशी सोडलं. घराच्या पुढं पडवी, पडवीपुढं नारळाची झाडं, आणि त्यांच्यामधून सरळ समुद्र. मधे कुणाचं घर नाही, दार नाही.

घराच्या मालकीण योगेश्वरी नावाच्या बाई होत्या. काकूंच्याच वयाच्या. नवरा आजारपणात गेलेला, मुलगा आखातात कामाला. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि त्यावर घर चालवायचं, असं त्यांचं होतं. त्या घरातलं सगळं लख्ख होतं. चादरी उन्हात वाळवून घडी घातलेल्या, पडवीत दोन वेताच्या खुर्च्या. काकू त्यातल्या एकीवर बसल्या आणि समुद्राकडं बघायला लागल्या.

इकडं तात्यांनी भाव विचारला. बाईंनी सांगितला. तात्या गप्प बसले. गप्प बसल्यावर बाई घाबरल्या आणि स्वतःच थोडं खाली आल्या. तात्यांनी त्याच्याही निम्म्याच्या आसपास मागितलं.

"अण्णा, तेवढ्यात मला परवडत नाही," बाई म्हणाल्या. "वीज केवढी महाग झालीय. नाश्ता द्यायचा, चादरी धुवायच्या."

"नाश्ता नको आम्हाला. चादर रोज बदलू नका. एसी लावणार नाही. पंखासुद्धा गरज पडली तरच लावू."

अशा एकेक गोष्टी सोडत तात्यांनी भाव उतरवत आणला. तरी बाई एका आकड्यावर अडल्या. मग तात्यांनी पिशवी उचलली. "चल गं," काकूंना म्हणाले आणि फाटकाकडं निघाले. काकू खुर्चीतून उठल्या. उठताना त्यांचं लक्ष योगेश्वरीबाईंच्या चेहऱ्याकडं गेलं. तात्या पुढं तोंड करून चालत होते, त्यामुळं त्यांना ते दिसलं नाही. पुढं पुष्कळ दिवसांनी काकूंनी सांगितलं, तेव्हा कळलं. बाईंनी एक हात खांबाला धरला होता आणि ओठ आत ओढून घेतले होते, रडू थोपवणारं माणूस घेतं तसे.

फाटकाला हात लागायच्या आत हाक आली. "अण्णा, या. राहा."

तीन दिवसांसाठी खोली ठरली. तात्या खूश होते. काकूंना म्हणाले, "बघितलंस? हितंबी चाललं." काकू म्हणाल्या, "व्हय." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता आला. न ठरवलेला. शेवयांसारख्या वाफवलेल्या चकत्या, ओल्या खोबऱ्याची लाल चटणी आणि पातळ आमटी. तात्या म्हणाले, "बाई, नाश्ता आपण धरला नव्हता." योगेश्वरीबाई म्हणाल्या, "माझ्या घरात माणसं उपाशी बसलेली मला बघवत नाहीत, अण्णा. त्याचे काही घेणार नाही मी." तात्यांनी ताट ओढून घेतलं. काकूंनी मात्र खाऊन झाल्यावर ताटं उचलली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन घासायला बसल्या. बाई नको नको म्हणत असताना त्यांनी ती घासून टाकलीच.

तिथून त्या दोघींचं जमलं. काकूंची सेलमची तमिळ ऐकून योगेश्वरीबाईंना हसू यायचं. काकू एक शब्द म्हणायच्या, बाई तोच शब्द त्यांच्याकडं कसा म्हणतात ते सांगायच्या, आणि दोघी हसत सुटायच्या. घरात नाचणीचं पीठ होतं. काकूंनी थापून भाकरी केली. बाईंनी ती तव्यावर फुगताना बघितली आणि शेजारणीला हाक मारून दाखवायला आणलं. बाजारातून बाई ताजे मासे घेऊन आल्या, ते काकूंनी पलूसच्या पद्धतीनं केले, चिंच आणि लसूण घालून. जेवण झालं की दोघी पडवीतल्या खुर्च्यांवर बसायच्या. समुद्र पुढ्यात. तात्यांना खुर्ची उरायची नाही, ते आत पलंगावर पडायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते असेच पडले होते. डोळा लागला नव्हता. बाहेर काकू बोलत होत्या, तमिळमधून. सेलमचं सांगत होत्या. पाणी कसं पुरवायच्या, मुलांना कसं गप्प करायच्या. मग म्हणाल्या, "माझा भाऊ आला होता एकदा. सैनिक. इतक्या लांबून आला आणि माझ्या घरात पाय टाकू शकला नाही. जिन्यात उभा राहून बोलला माझ्याशी. जाताना म्हणाला, ताई, तुझी खोली कशी आहे ते आईनं विचारलंय, काय सांगू? मी म्हटलं, सांग, मोठी आहे, हवेशीर आहे." योगेश्वरीबाईंनी विचारलं, "मग?" काकू म्हणाल्या, "मग काही नाही. परत कधी तो तिकडं आला नाही. मीही बोलावलं नाही. काय म्हणून बोलवू?"

तात्या पंख्याकडं बघत पडून राहिले. धनाजीचं हे बोलणं त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत काकूंनी मराठीतून जे त्यांच्याजवळ काढलं नाही, ते तीन दिवसांच्या ओळखीच्या बाईला परक्या भाषेतून सांगितलं. त्यांना आधी लाज वाटली. पण लाज फार वेळ टिकली नाही, तिच्या जागी राग आला. आपण एवढी खोली मिळवून दिली, समुद्र पुढ्यात ठेवला, आणि ही परक्या बाईपुढं आपलंच रडगाणं सांगतीय. हे त्यांनीच मला सांगितलं, जसंच्या तसं.

संध्याकाळी काकू आत आल्या. "आवं, आनखी तीन-चार दिस ऱ्हाऊया का हितं? मागारी जायाला येळ हाय की आपल्याला."

तात्या म्हणाले, "बघू. भाव बोलावा लागंल."

सकाळी योगेश्वरीबाई स्वतःच आल्या. हात पदराला पुसत उभ्या राहिल्या. "अण्णा, अक्का म्हणाली तुम्ही अजून राहताय. मला आनंदच आहे. पण कोलंबोचं एक कुटुंब उद्यापासून दोन्ही खोल्या मागतंय. पूर्ण भावानं. तुम्ही थोडं वाढवून दिलंत, तर मी त्यांना सांगते एकच खोली आहे. त्यांच्याएवढं नको. थोडंच."

तात्यांच्या डोक्यात कालचा राग होता, आणि त्यातून हा असला डाव त्यांनी सेलमात किती मालकांच्या तोंडून ऐकलेला. दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणून सांगायचं आणि भाव वाढवायचा. ते हसले. "बाई, हे कोलंबोचं कुटुंब मी फार ठिकाणी बघितलंय. ते कधी येत नाही."

"खरं सांगते, अण्णा. फोन आला होता."

"तुमचं घर रिकामंच पडलेलं असतं, हे मला बसस्टँडवरच्या रिक्षावाल्यानं सांगितलंय. मला कशाला फसवताय?"

काकू मागं उभ्या होत्या. मराठीतून हळू म्हणाल्या, "आवं, देऊ की थोडं. म्या इश्वजितला सांगते."

"तू गप. पिशवी भर."

काकूंनी पिशवी भरली. तात्या पुढं, काकू मागं, दोघं फाटकाकडं निघाले. त्या दिवशी हाक आली नाही. तात्या फाटकाच्या बाहेर जाऊन थांबले, कडी लावायच्या निमित्तानं. बाई पडवीतच उभ्या होत्या. मग त्या आत गेल्या आणि लगबगीनं परत आल्या. तात्यांना वाटलं, आल्या वळणावर. बाई फाटकाशी आल्या आणि केळीच्या पानात बांधलेली पुडी त्यांनी काकूंच्या हातात दिली. "वाटेत खा, अक्का," म्हणाल्या. तात्यांकडं त्यांनी बघितलं नाही.

नवी खोली तात्यांनी बाजारात एका दुकानाच्या मागं मिळवली. आधीच्या खोलीपेक्षाही स्वस्त. खिडकी होती, पण ती दुकानाच्या गोदामाकडं उघडायची, म्हणून मालकानं खिळे मारून बंद केली होती. बसायला पलंग सोडून काही नव्हतं. दार उघडलं की समोर दुसऱ्या खोलीचं दार. तात्या म्हणायचे, "चल, समुद्रावर जाऊन येऊ." काकू म्हणायच्या, "तुमी या जाऊन. माझं पाय दुखत्यात." त्या पलंगावर भिंतीला टेकून बसून राहायच्या. उरलेले दिवस त्यांनी तसेच काढले.

एकदा तात्या एकटेच समुद्राकडं निघाले. रस्ता निळ्या फाटकावरूनच जात होता. फाटकाशी कोलंबोची गाडी उभी होती. आत दोन लहान मुलं नारळाखाली पळत होती, त्यांची आजी वेताच्या खुर्चीत बसलेली. योगेश्वरीबाई हातात ताटली घेऊन पडवीतून आल्या आणि त्यांना फाटकापलीकडं तात्या दिसले. दोघांनी एकमेकांना ओळखलं. बाईंनी मान किंचित झुकवली, ओळखीच्या माणसाला करतात तशी. तात्यांनी त्यांच्याकडं बघून हात जोडायला हवे होते. दोन पावलं आत जाऊन चुकलं म्हणायला हवं होतं. भाषा येत होती, वेळ होता, समोर माणूस होतं. ते तसेच पुढं चालत गेले. समुद्रापर्यंतही गेले नाहीत. दुसऱ्या रस्त्यानं वळून खोलीवर आले. काकूंना त्यातलं काही सांगितलं नाही.

गावी आल्यावर मात्र तात्यांनी सांगितलं. ओट्यावर माणसं जमली होती. समुद्रापुढची खोली किती पाडून घेतली, बाईला कसं फाटकापर्यंत जाऊन वळवलं, हे रंगवून सांगितलं. माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "तात्या, परदेशातबी फाटक चाललं म्हणायचं!" तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवत म्हणाल्या, "त्या बाईनं न धरलेला नाश्ता दिला, त्येबी सांगा की." आणि आत गेल्या. चहा पिऊन एकेक जण उठला.

पुढच्या वर्षी विश्वजितनं परत विचारलं. व्हिएतनामला स्वस्तात विमान मिळतंय, आई-तात्या जाता का. तात्या लगेच तयार झाले. काकू म्हणाल्या, "तुमी जावा. मी न्हाई येत."

तात्यांना वाटलं गुडघ्यांचं कारण असेल. त्यांनी दोनदा-तीनदा विचारलं. शेवटी काकू भाजी निवडायची थांबल्या. आवाज चढवला नाही, रागावल्याही नाहीत.

"आवं, भाव तुमी पाडता, पर तितं ऱ्हावं लागतं मला. सेलमात तुमी दुकानात असायचा. खोलीत मी असायची. मालकाला दिल्याला सबूद मी पाळायचा. आता माझ्यानं न्हाई हुयाचं."

तात्या मला म्हणाले, "वाद घालायला कायच न्हाई रं त्यात. ती खरं बोलली." तेव्हाच, पहिल्या दिवशी पडवीत योगेश्वरीबाईंनी ओठ आत ओढून घेतल्याचंही काकूंनी त्यांना सांगितलं.

त्यानंतर एके दुपारी तात्या माझ्याकडं आले. हातात फोन. "ह्यातनं त्या बाईला फोन लागंल का? नंबर हाय माझ्याकडं, खोली घेताना लिवून घेतल्याला." मी नंबर लावायच्या आधी त्यांनी मला ही सगळी गोष्ट सांगितली. सांगताना ते एकदाही हसले नाहीत. काय बोलायचं, ते त्यांनी तमिळमधून मनाशी जुळवून आणलं होतं. बाई, तुम्ही खरं बोलत होता, मी खोटं ठरवलं. भावातले पाडून घेतलेले पैसे माझा मुलगा पाठवतो. एकदा परत येऊ, तुम्ही सांगाल त्या भावानं राहू. एवढं म्हणायचं होतं.

फोन लागला. तात्या म्हणाले, "वणक्कम. मी सयाजी. महाराष्ट्रातला."

पलीकडून बाईंचा आवाज इतका मोठा झाला, की मला लांबूनही ऐकू आला. "अक्का कशी आहे? अक्का आहे का तिथं? द्या तिला."

तात्या उठले, भिंतीपलीकडं गेले आणि फोन काकूंच्या हातात दिला. काकू आधी गोंधळल्या, मग त्यांनी आवाज ओळखला. पुढं कितीतरी वेळ त्या अंगणात फोन कानाला लावून बसल्या होत्या. मधेच हसत होत्या, मधेच 'अय्यो' म्हणत होत्या. तात्या उंबऱ्यापाशी उभे. फोन आपल्याकडं परत येईल म्हणून थांबलेले. काकूंनी बोलणं संपवलं आणि फोन बंद करून त्यांच्याकडं दिला.

"काय म्हनली?"

"घराचं छप्पर गळायला लागलं. पायबी दुखत्यात तिचं. खोल्या बंद केल्या म्हनली. बहिणीकडं निगालीय ऱ्हायाला, बट्टिकलोआला."

"मला काय म्हनली?"

काकूंनी जरा आठवून बघितलं. "तुमचं काय निगालं न्हाई," त्या म्हणाल्या. यात टोमणा नव्हता. खरंच निघालं नव्हतं.

तात्यांनी नंतर दोन-तीनदा फोन लावून बघितला. कधी वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग तो नंबर बंद झाल्याचं सांगायला लागला. योगेश्वरीबाईंच्या बहिणीचा नंबर काकूंनी विचारला नव्हता, आणि तात्यांनी कुणाकडून विचारावा, हा प्रश्नच होता.

आता गावातलं कुणी ओट्यावर येऊन खोलीचं विचारलं, तर तात्या म्हणतात, "सांगत्याल तेवडं द्या. न्हाई परवडलं तर नीट सांगा आन् निगा." पोरांना वाटतं, तात्या थकले. कुणी फाटकाची गोष्ट सांगा म्हणून आग्रह करतं. ते सांगत नाहीत.

परवा सोनिया सासू-सासऱ्यांना घेऊन कोकणात गुहागरला गेली. जाताना काकूंनाही घेऊन गेली. तात्यांनाही चला म्हणाली होती. काकू काही बोलल्या नाहीत, तेव्हा तात्याच म्हणाले, "मी घर बघतो." संध्याकाळी काकूंचा फोन आला. मी तिथंच बसलो होतो. पोचलो म्हणाल्या, वारं लय हाय म्हणाल्या.

"खोली कशी हाय?" तात्यांनी विचारलं.

"चांगली हाय. म्होरं समुद्र हाय."

तात्यांच्या जिभेवर पुढचा प्रश्न आला होता, मला तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. त्यांनी तो गिळला. "बसायला हाय का काय?" एवढंच म्हणाले.

"हाय की, झोपाळा हाय," काकू म्हणाल्या. पाठीमागून सोनिया हाक मारत होती, जेवायला. काकूंनी ठेवते म्हणून फोन ठेवला. तात्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्या अंधारलेल्या काचेकडं बघत बसले.